एग्यू : एका जुन्या तापाचे जुने नाव

माध्यमिक शिक्षकांच्या एका कार्यशाळेत इंग्रजी आणि विज्ञान असे दोन्ही विषय शिकवणाऱ्या एका बाईंनी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती त्या नववीच्या मुलांना वाचून दाखवत होत्या. कादंबरीच्या आरंभीच एक पळालेला कैदी भेटतो. रात्रभर दलदलीत पडून राहिल्यामुळे तो कुडकुडत असतो. त्याला 'एग्यू' झाला असावा, असे छोट्या पिपला वाटते. ए, जी, यू, ई अशी चारच अक्षरे. बाईंनी 'व्हेग' आणि 'लीग' यांच्या चालीवर त्याचा उच्चार 'एग' असा केला. नंतर शब्दकोश पाहिला, तर उच्चार निघाला 'एग्यू' आणि अर्थ निघाला 'हिवताप'. त्यांनी तो वर्गात सांगितला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, इंग्लंडात मलेरिया कसा होईल? तिथे तर बर्फ पडतो!"

बाईंना उत्तर देता आले नाही आणि त्यांनी ते प्रांजळपणे कबूल केले. खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हालाही पूर्ण उत्तर ठाऊक नव्हते. पुढे या शब्दाचा माग काढत गेलो तेव्हा लक्षात आले की, एका अप्रचलित इंग्रजी शब्दात रोगाचा, हवामानाचा, औषधांचा आणि विज्ञानाच्या चुकांचाही इतिहास साठून राहिला आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तर मिळालेच, पण शिक्षक म्हणून आपल्याला उपयोगी पडावी अशी आणखीही एक गोष्ट हाती लागली.

शब्दाची कुळकथा

'एग्यू' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. लॅटिनमध्ये 'फेब्रिस अ‍ॅक्यूटा' असा एक वैद्यकीय शब्दप्रयोग होता. फेब्रिस म्हणजे ताप, अ‍ॅक्यूटा म्हणजे तीक्ष्ण, टोकदार. 'तीव्र ताप' हा त्याचा अर्थ. वापरता वापरता यातील 'ताप' गळून पडला आणि नुसते विशेषणच नाम होऊन बसले. जुन्या फ्रेंचमध्ये झिजून त्याचे 'एग्यू' झाले आणि चौदाव्या शतकातील इंग्रजी लेखनात ते रुळलेले दिसते.

या शब्दाचे भाऊबंद आपण वर्गात रोज वापरतो. भूमितीतील लघुकोनाला इंग्रजीत 'अ‍ॅक्यूट अँगल' म्हणतात, तो हाच 'अ‍ॅक्यूट'. लघुकोन म्हणजे टोकदार कोन. रसायनशास्त्रातील 'अ‍ॅसिड' हा शब्दही लॅटिनमधील आंबटपणाच्या, म्हणजे जिभेला बोचणाऱ्या चवीच्या शब्दावरून आलेला असून त्याचेही मूळ तेच आहे. भाषाशास्त्रज्ञ हे मूळ आणखी मागे नेतात आणि संस्कृतातील 'अश्रि', म्हणजे धार किंवा कोपरा, या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. ज्याला चार कोपरे आहेत तो 'चतुरश्र', आणि त्यापासून आपला 'चौरस'. म्हणजे एग्यू, अ‍ॅसिड, लघुकोन आणि चौरस ही मंडळी दूरच्या नात्याने का होईना, पण एकाच घराण्यातील ठरतात.

पण या शब्दाने पुढे आपला अर्थ बदलला. आरंभी तो कोणत्याही तीव्र तापासाठी वापरला जाई. हळूहळू तो ठरावीक पाळीने येणाऱ्या तापासाठी आणि विशेषतः त्या तापाच्या आधी भरणाऱ्या हुडहुडीसाठी वापरला जाऊ लागला. ज्याच्या नावाचा अर्थ 'तीक्ष्ण' होता, त्याचा अर्थ 'कापरे भरवणारा' असा झाला. मराठीतील 'हिवताप' हा शब्द मात्र पहिल्यापासूनच स्पष्ट आहे. हिव म्हणजे थंडी, तीच संस्कृतातील हिम. आधी थंडी, मग ताप हा रोगाचा क्रमच त्या नावात आहे.

पाळीचा ताप

जुने युरोपीय वैद्य एग्यूचे तीन मुख्य प्रकार मानीत. रोज येणारा तो 'कोटिडियन', एक दिवस सोडून येणारा तो 'टर्शियन' आणि दोन दिवस सोडून येणारा तो 'क्वार्टन'. टर्शियन म्हणजे तिसरा आणि क्वार्टन म्हणजे चौथा. येथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. एक दिवस सोडून येणारा ताप 'तिसरा' कसा? कारण मोजणी ताप आलेला दिवस धरून केली आहे. सोमवारी ताप आला, मंगळवार बरा गेला, बुधवारी पुन्हा ताप आला, तर सोमवार धरून बुधवार हा तिसरा दिवस होतो.

गंमत अशी की आपल्या आयुर्वेदाची मोजणीही अशीच आहे. चरकसंहितेत विषमज्वराचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत रोज एकदा येणारा 'अन्येद्युष्क', एक दिवसाआड येणारा 'तृतीयक' आणि दोन दिवसांआड येणारा 'चतुर्थक' आहे. रोमन जगातील वैद्य आणि भारतातील वैद्य एकाच तापाकडे पाहत होते आणि एकाच रीतीने दिवस मोजत होते. मराठीतील 'एकांतरा' ताप हे नाव मात्र मधल्या अंतराची गणना करते. ताप एकच, पण एका नावाने दिवस मोजले आणि दुसऱ्याने खंड मोजला.

ही पाळी कशामुळे येते, याची जुन्या युरोपातील उपपत्ती चार द्रवांची होती. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांचा समतोल बिघडला की रोग होतो. कफाने रोजचा ताप, पिवळ्या पित्ताने तिसऱ्या दिवशीचा आणि काळ्या पित्ताने चौथ्या दिवशीचा, अशी त्यांची मांडणी होती.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये या मांडणीचा फार मजेदार वापर आहे. एका कोंबड्याला वाईट स्वप्न पडते. त्याची कोंबडी त्याला समजावते की, हे सारे पित्त वाढल्याचे लक्षण आहे. वेळीच जुलाब घेतला नाही, तर टर्शियन ताप येईल किंवा एग्यू होईल, अशी भीती ती घालते आणि अंगणातल्या वनस्पतींची यादीही देते. कोंबडीच्या तोंडी वैद्यकशास्त्र घालण्यात चॉसरचा खट्याळपणा आहे. पण यातून आपल्याला दोन गोष्टी कळतात. एक, ही उपपत्ती तेव्हा इतकी सर्वांच्या ओळखीची होती की तिच्यावर विनोद करता येत होता. दुसरी, टर्शियन ताप आणि एग्यू ही दोन नावे येथे पर्याय म्हणून वेगवेगळी आली आहेत. म्हणजे चॉसरच्या काळी एग्यूचा जुना, 'तीव्र ताप' हा अर्थ अजून पुसलेला नव्हता.

पाळी खरोखर कशामुळे येते, हे कळायला मात्र १८८५-८६ साल उजाडावे लागले. इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी दाखवले की, मलेरियाचे परजीवी तांबड्या रक्तपेशींत वाढतात, त्या पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटतात आणि त्याच वेळी रोग्याला हुडहुडी भरते. काही जातींचे हे चक्र ४८ तासांचे असते, एका जातीचे ७२ तासांचे. प्राचीन वैद्यांची उपपत्ती चुकली होती, पण निरीक्षण मात्र अचूक होते.

शेक्सपिअरचा एग्यू

विल्यम शेक्सपिअर १५६४ साली जन्मला आणि १६१६ साली वारला. त्याच्या अनेक नाटकांत हा शब्द येतो आणि तो प्रेक्षकांना समजावून सांगण्याची त्याला कोठेच गरज वाटत नाही. आपल्याकडे नाटकातले पात्र 'सर्दी झाली' म्हणाले तर आपण जसे थबकत नाही, तसाच तो प्रकार आहे.

'हेन्री द फिफ्थ'मध्ये खाणावळवाली बाई आजारी फॉल्स्टाफचे वर्णन करताना कोटिडियन आणि टर्शियन हे दोन्ही शब्द एकाच तापाला जोडून टाकते. एकच ताप रोज येणारा आणि एक दिवसाआड येणाराही! ज्या प्रेक्षकांना हा फरक माहीत होता तेच यावर हसू शकत होते. हा विनोद रंगभूमीवर चालला, याचा अर्थ लंडनच्या सामान्य माणसाला तापाच्या पाळ्या तोंडपाठ होत्या.

'द टेम्पेस्ट' हे नाटक साधारण १६११ सालचे. त्यातील एका प्रवेशात कॅलिबन आपल्या मालकाला शाप देतो. सूर्याने दलदलींतून आणि पाणथळींतून शोषून घेतलेले सारे रोग त्याच्यावर कोसळोत, अशी त्याची इच्छा आहे. त्याच प्रवेशात एक दारुडा खानसामा येतो. झग्याखाली लपून थरथरणारा कॅलिबन पाहून त्याला वाटते, याला एग्यू झाला आहे, आणि तो त्याच्या तोंडात दारू ओततो. एकाच प्रवेशात रोगाचे त्या काळी मानलेले कारण, लक्षण आणि उपचार असे तिन्ही आले आहेत. कारण दलदलीची हवा, लक्षण कापरे आणि उपचार मद्य.

पण या शब्दाचा सर्वांत खोल उपयोग 'किंग लिअर'मध्ये आहे. राज्य मुलींना वाटून टाकलेला म्हातारा राजा वादळात भिजतो, थंडीने त्याचे दात वाजतात, आणि मग त्याला उमगते की खुशामत करणाऱ्यांनी आपल्याला सर्वशक्तिमान ठरवले ते खोटे होते. एग्यूपुढे आपले काही चालत नाही, हे तो त्याचे प्रमाण म्हणून सांगतो. येथे शेक्सपिअरने प्लेग घेतला नाही, देवी घेतल्या नाहीत. मोठ्या साथीपुढे हरण्यात राजाचा फारसा अपमान नाही. एग्यू हा शेतमजुराला होणारा, घरोघरचा, साधा ताप होता. तो राजालाही सोडत नाही, यातच राजाचे माणूसपण उघडे पडते. शब्दाचा हा सामान्यपणा ठाऊक नसेल, तर ते वाक्य वाचूनही आपल्यापर्यंत पोचत नाही.

बर्फाच्या देशात मलेरिया?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मलेरिया होण्यास तीन गोष्टी लागतात : परजीवी, अ‍ॅनॉफिलिस डास आणि डासाच्या शरीरात परजीवी वाढण्याइतकी ऊब. व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीला त्यासाठी साधारण १६ अंश सेल्सियस तापमान काही आठवडे मिळाले की पुरते. दक्षिण इंग्लंडच्या उन्हाळ्यात इतकी ऊब मिळते.

डासही तेथे होता. 'अ‍ॅनॉफिलिस अ‍ॅट्रोपार्व्हस' ही त्याची जात मचूळ पाण्यात चांगली वाढते. थेम्स नदीच्या मुखाजवळची केंट आणि एसेक्स परगण्यांतील खाजणे, तसेच पूर्वेकडील 'फेन्स' नावाचा पाणथळ प्रदेश ही त्याची आवडती ठिकाणे होती. हिवाळ्यात हा डास घरांत आणि गोठ्यांत आश्रय घेतो आणि अधूनमधून रक्तही शोषतो. माणसे, जनावरे आणि डास एकाच उबदार छपराखाली हिवाळा काढीत. शिवाय व्हायव्हॅक्सचा परजीवी रोग्याच्या यकृतात काही महिने निद्रिस्त राहू शकतो. त्यामुळे शरद ऋतूत डास चावलेल्या माणसाला पुढच्या वसंतात ताप येई. बर्फाचे महिने परजीवी माणसाच्या शरीरातच काढीत असे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपचे हवामान आजच्यापेक्षा थंड होते, त्या कालखंडाला 'छोटे हिमयुग' म्हणतात. तरीही त्याच काळात एग्यू जोरात होता. मलेरिया केवळ उष्ण देशांचा रोग आहे, ही आपली समजूत किती अपुरी आहे, ते यावरून दिसेल.

या खाजणांचे एक विलक्षण वर्णन डॅनिएल डिफोने केले आहे. 'रॉबिन्सन क्रूसो'चा हाच लेखक. १७२४ ते १७२७ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ब्रिटनच्या प्रवासवर्णनात तो एसेक्सच्या पाणथळ भागाविषयी सांगतो की, तेथील पुरुषांनी पाच-सहापासून चौदा-पंधरापर्यंत बायका केलेल्या असतात. हे पुरुष तेथेच जन्मलेले, त्या हवेला सरावलेले. पण ते बायका करीत वरच्या, कोरड्या भागातील. निरोगी, टवटवीत मुली खाली येत, त्यांना एग्यू गाठी आणि सहा महिन्यांत किंवा फार तर वर्षभरात त्या मरत. मग नवरा पुन्हा वरच्या भागात दुसरी मुलगी शोधायला जाई. ही हकिकत सांगणारा मनुष्य आकडे थोडे फुगवत होता, असेही डिफो प्रामाणिकपणे नोंदवतो.

आकडे फुगवलेले असोत, पण त्यामागची यंत्रणा आज आपल्याला समजते. लहानपणापासून वारंवार मलेरिया झालेल्या आणि त्यातून वाचलेल्या माणसात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. बाहेरून आलेल्याकडे ती नसते. इंग्लंडमधील चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या तपासणाऱ्या मेरी डॉब्सन या इतिहासकार बाईंनी दाखवून दिले आहे की, पाणथळ गावांतील मृत्यूचे प्रमाण जवळच्याच उंचावरील गावांपेक्षा खरोखरच बरेच जास्त होते. डिफोच्या विनोदाखाली न मोजलेल्या कित्येक मुलींची थडगी आहेत, हे ते वाचताना विसरून चालणार नाही.

डिकन्सची कादंबरी १८६०-६१ सालची आणि तिचा आरंभ घडतो तो याच केंटच्या खाजणांत. डिकन्सचे बालपण जवळच्याच चॅटममध्ये गेले होते. दलदलीत झोपलेल्या माणसाला एग्यू होतो, हे पिपसारख्या लहान मुलालाही ठाऊक असावे, हे त्याने ऐकीव माहितीवरून लिहिलेले नाही.

साल आणि विलो

एग्यूवर गुणकारी ठरलेले पहिले औषध म्हणजे दक्षिण अमेरिकेतील सिंकोना वृक्षाची साल. सतराव्या शतकाच्या मध्याला ती युरोपात येऊ लागली. जेझुइट पाद्री ती आणत, म्हणून तिला 'जेझुइटांची साल' म्हणत आणि एवढ्याच कारणाने प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये अनेकांना तिचा संशय येई.

या संशयाचा फायदा रॉबर्ट टॅलबोर नावाच्या चतुर माणसाने घेतला. केंब्रिजमध्ये औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून तो एसेक्सच्या खाजणांत जाऊन राहिला आणि तेथे प्रयोग करीत त्याने आपले गुप्त औषध तयार केले. १६७२ साली त्याने एग्यूवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात जेझुइटांच्या चूर्णापासून सावध राहण्याचा इशाराही दिला. राजा दुसरा चार्ल्स याने त्याला १६७८ मध्ये 'सर' केले, आणि पुढे राजाचा स्वतःचा तापही त्याच्या औषधाने उतरला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने ते गुपित विकत घेतले. टॅलबोर १६८१ साली वारला आणि त्यानंतर गुपित जाहीर झाले. त्या औषधाचा मुख्य घटक होता मद्यात भिजवलेली तीच जेझुइटांची साल! १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि कावाँतू यांनी या सालीतून क्विनीन वेगळे काढले.

दुसरी गोष्ट पाद्री एडवर्ड स्टोन याची. सिंकोनाची साल महाग होती. ऑक्सफर्डशायरमधील या पाद्र्याने एकदा सहज विलोच्या झाडाची साल चाखली. विलो म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातील झाड. त्या सालीचा कडूपणा त्याला सिंकोनासारखा वाटला. विलो ओलसर जागी वाढतो आणि एग्यूही ओलसर जागीच होतो. तेव्हा रोगाजवळच देवाने औषध ठेवले असणार, असाही त्याचा तर्क होता. त्याने साल भट्टीवर तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, तिचे चूर्ण केले आणि सुमारे पन्नास रोग्यांना दिले. १७६३ साली त्याने रॉयल सोसायटीला जे पत्र लिहिले, त्याच्या शीर्षकातच एग्यू हा शब्द आहे.

विलोच्या सालीने ताप उतरत होता, पण मलेरियाचा परजीवी मरत नव्हता. सालीतील सॅलिसिन हे ज्वरनाशक आहे, मलेरियानाशक नव्हे. चिवट क्वार्टन तापात ही साल पुरी पडत नाही, हेही स्टोनने लपवले नाही. याच सॅलिसिनच्या वाटेने पुढे अ‍ॅस्पिरिन आले. जर्मनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याचे शुद्ध रूप ऑगस्ट १८९७ मध्ये बनवले. आणि त्याच ऑगस्ट १८९७ मध्ये, २० तारखेला, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनॉफिलिस डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी दिसले. एग्यू या एका शब्दातून निघालेल्या दोन वाटा एकाच महिन्यात आपापल्या मुक्कामाला पोचल्या!

प्रत्येक एग्यू म्हणजे मलेरिया नव्हे

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या पुस्तकात एग्यू दिसला की तेथे मलेरिया वाचायचा, असे करून चालणार नाही. १५५७ ते १५५९ या काळात इंग्लंडमध्ये तापाची मोठी साथ आली. त्या काळच्या लेखनात तिलाही एग्यू म्हटले आहे, पण अनेक इतिहासकार आज ती फ्लूची साथ होती असे मानतात. कपाळात ठणकणाऱ्या मज्जाशूळाला 'ब्राउ एग्यू' म्हणत, त्याचा तर तापाशीही संबंध नव्हता. विषमज्वर, न्यूमोनिया, प्रसूतीनंतरचा ताप असे कितीतरी रोग या एका शब्दाखाली झाकले गेले असतील.

मग खरा मलेरिया ओळखायचा कसा? पुरावे जोडून. ताप ठरावीक पाळीने येत होता का? जागा पाणथळ होती का? वसंतात आणि शरदात जोर होता का? वाढलेल्या प्लीहेला, म्हणजे आपल्या पाणथरीला, तेथील लोक 'एग्यू केक' म्हणत, त्याचा उल्लेख आहे का? सिंकोनाने गुण आला का? यांपैकी तीन-चार गोष्टी जुळल्या तर मलेरियाचा संशय बळावतो. एकच जुळली तर थांबावे. केंटमधील कूलिंग गावच्या चर्चच्या आवारात तेरा लहान मुलांची थडगी आहेत. पिपच्या भावंडांच्या थडग्यांची कल्पना डिकन्सला त्यांवरून सुचली असे मानतात. ती मुले मलेरियाने गेली, असे काही जण म्हणतात. गाव पाणथळ आहे, म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. पण दगडांवर मृत्यूचे कारण लिहिलेले नाही. पुरावा जेथे संपतो तेथे आपणही थांबले पाहिजे.

नाव कोणते टिकले?

'मलेरिया' हा शब्द इटालियन. 'माल आरिया' म्हणजे वाईट हवा. होरेस वॉलपोलने १७४० साली रोमहून लिहिलेल्या पत्रात तो वापरला आणि १८२७ साली जॉन मॅककलक या भूवैज्ञानिकाच्या पुस्तकाने तो इंग्रजीत पसरवला. आरंभी मलेरिया हे रोगाचे नाव नव्हते, कारणाचे होते. दलदलीतून निघणारी विषारी हवा म्हणजे मलेरिया आणि त्या हवेने होणारा ताप म्हणजे एग्यू.

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ यांना रोग्याच्या रक्तात परजीवी दिसला. पुढे रॉस आणि इटालियन शास्त्रज्ञांनी डासाचा भाग उलगडला. हवेचा सिद्धान्त कोसळला. आता आपल्याला वाटेल की, त्याबरोबर 'वाईट हवा' हे नावही गेले असेल. झाले उलटेच. ज्या नावात चुकीचा सिद्धान्त होता ते टिकले आणि ज्या नावाने कोणताच सिद्धान्त मांडला नव्हता, ते 'एग्यू' हे नाव गेले.

असे का झाले? एग्यू हा फार सैल शब्द होता. एका निश्चित परजीवीमुळे होणाऱ्या एका निश्चित रोगासाठी नेमके नाव हवे होते. तोवर मलेरिया हा शब्द वैद्यकीय ग्रंथांत बसला होता आणि त्याचा मूळ अर्थ इंग्रजी बोलणाऱ्याला ऐकू येत नव्हता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खुद्द रोगच इंग्लंडमधून निघून गेला. दलदलींतील पाण्याचा निचरा झाला. जनावरे वाढली आणि त्यांचे गोठे घरांपासून वेगळे झाले, तेव्हा डासांना माणसाऐवजी जनावरे मिळू लागली. घरे सुधारली, क्विनीन स्वस्त झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एग्यू जवळजवळ नाहीसा झाला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे केंटच्या किनाऱ्यावर काही शेकडो स्थानिक लोकांना पुन्हा मलेरिया झाला. तो डास तेथे आजही आहे. पण रोग पुन्हा रुजला नाही. आणि जे घरोघरी होत नाही, त्याचे घरगुती नावही जिभेवर राहत नाही.

आपला हिवताप

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. इंग्लंडात मलेरिया होता, शतकानुशतके होता, आणि हा विसरलेला शब्द त्याचा साक्षीदार आहे. इंग्रज मुलाला आज शेक्सपिअर वाचताना एग्यू शब्दासाठी तळटीप लागते. आपल्या मुलाला हिवताप या शब्दासाठी तळटीप लागत नाही. आपल्या आरोग्य खात्यात 'जिल्हा हिवताप अधिकारी' हे पद आहे आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हा शब्द घरोघरी जिवंत आहे. शब्द जिवंत आहे तो रोग जिवंत आहे म्हणून.

भारतात १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ च्या सुमारास वर्षाचे रोगी एक लाखापर्यंत खाली आले होते. रोग संपला असे वाटले, हात सैल पडले, डास औषधांना दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये हा आकडा ६४ लाखांवर गेला. त्यानंतर तो पुन्हा बराच खाली आणण्यात आला आहे आणि २०३० पर्यंत मलेरिया संपवण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. हे अशक्य नाही. श्रीलंकेला २०१६ मध्ये आणि चीनला २०२१ मध्ये मलेरियामुक्त म्हणून मान्यता मिळाली.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मुलांना घरातील आजी-आजोबांकडून तापांची जुनी नावे गोळा करून आणायला सांगा. नाव लक्षणावरून पडले आहे, पाळीवरून, की समजलेल्या कारणावरून, अशी त्यांची तीन गटांत वाटणी करा. आज डॉक्टर त्या रोगाला काय म्हणतात आणि जुने नाव व नवे नाव नेमके जुळते का, हे तपासा. बहुतेक वेळा ते जुळणार नाही. का जुळत नाही यावरच्या चर्चेत वर्गाचा एक तास चांगला जाईल.

भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला जुना शब्द गेला की वाईट वाटते. आम्हालाही वाटते. पण काही शब्दांच्या बाबतीत आपण उलट इच्छा धरली पाहिजे. पुढे कधीतरी एखाद्या मराठी कादंबरीत हिवताप हा शब्द यावा, तो वाचून एखाद्या मुलाने बाईंना त्याचा अर्थ विचारावा आणि बाईंनाही शब्दकोश उघडावा लागावा.